रीलमध्ये न दिसलेला पाइप

आमच्या शेजारच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या टीमने फॉर्म्युला भारतसाठी रेसिंग कार बनवायला घेतली. मी मास कॉमची, त्यामुळे माझ्या वाट्याला आलं रील बनवायचं काम. बनवली. चकचकीत बॉडी, स्पॉन्सरचे स्टिकर, सायलेन्सरचा आवाज. लाइक्स धो धो. आणि त्याच आठवड्यात टेस्टिंगला आठव्या फेरीत गाडीने वाफ सोडली आणि मान टाकली.

इंजिन ठीक होतं, रेडिएटरही ठीक होता. घोळ होता पंपाकडे पाणी नेणाऱ्या पाइपमध्ये. माझ्या रीलमध्ये त्याचा एकही शॉट नव्हता.

प्रकरण समजायला सोपं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच टीम केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन वापरतात. बाइकवर रेडिएटर इंजिनच्या अगदी पुढ्यात असतो, त्यामुळे पाइप लहान. कारमध्ये तो बाजूला जातो. पाइप लांबतात, वळणं वाढतात. पंप मात्र तोच, इंजिनवरच फिरणारा. त्याला हलवता येत नाही, म्हणून पाइपच नीट टाकावे लागतात.

पंप पाणी ढकलतो झकास, पण ओढायच्या बाबतीत तो नाजूक. शहाळं पिताना स्ट्रॉ दुमडली की जोर लावूनही पाणी येत नाही, उलट ती आणखी चपटी होते. इथे तेच झालं. रेडिएटरमधून पंपाकडे येणारा मऊ होज चासीच्या पाइपला वळसा घालताना दुमडला होता. त्यात इंजिनचं हेड सगळ्यात उंच, म्हणून हवा तिथे साचली. हवा अडकली की पाणी पोहोचत नाही आणि धातू तापत जातो.

त्यात या स्पर्धेत कूलंट चालत नाही, फक्त साधं पाणी. मग आधार उरतो प्रेशर कॅपचा. सिस्टीममध्ये १ बार जादा दाब टिकला, तर पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. पण एक क्लिप सैल राहिली, की तो दाबही गेला.

खरं सांगायचं तर मला राग याचा आला, की हे एकाला आधीच माहीत होतं. सेकंड इयरचा एक ज्युनिअर मीटिंगमध्ये म्हणाला होता, ‘‘दादा, हे वळण चोक होईल.’’ उत्तर आलं, ‘‘तू पाइप जोडून टाक रे, आधी पेंट होऊ दे.’’

टीमची बाजू मला कळते. फोटो भारी नसतील तर स्पॉन्सर येत नाही, पैसे नसतील तर गाडीच नाही. पण स्पर्धेत सर्वांत जास्त गुण एन्ड्युरन्सला असतात. साधारण २२ किलोमीटर, मध्ये ड्रायव्हर बदलतो, इंजिन बंद करून तापलेलं असतानाच पुन्हा सुरू करायचं. इंजिन थांबलं की त्यावरचा पंपही थांबतो, उष्णता मात्र आतच असते. तिथे स्टिकर कामाला येत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पाइपचा मार्ग चासीच्या ड्रॉइंगमध्येच ठरवा, शेवटच्या आठवड्यात नाही. पेंटच्या आधी पूर्ण २२ किलोमीटर गाडी पळवा. आणि ज्याला पाइपचं काम देता, त्याचं मीटिंगमध्ये ऐकाही.

आणि आम्ही मीडियावाले? चमकतं तेच दाखवायची सवय आम्हीच लावतो. यात मीही आलेच.

त्या टीमने दुमडलेला होज काढून तयार वळणाचा जाड होज बसवला, पाण्याची छोटी टाकी सगळ्यात उंच जागी नेली आणि हवा पूर्ण निघेपर्यंत पाणी भरलं. मी त्याचीही रील केली. टाकीत वर येणारे बुडबुडे आणि हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बघत बसलेला तो ज्युनिअर. लाइक्स जेमतेम आले.

पण त्या दिवशी गाडी २२ किलोमीटर पळाली.