राखून ठेवलेले बियाणे

शेतकऱ्याच्या घरी दुष्काळातही एक कणगी उघडत नाहीत, ती बियाण्याची. घरात पीठ नसले तरी बियाणे जात्यावर घालू नये, अशी आपल्या वाडवडिलांची शिकवण. तीच झाडांनाही लागू पडते, हे चिलगोज्याच्या हकिगतीवरून वाचकांच्या ध्यानी येईल.

सुक्या मेव्याच्या दुकानातला लांबट, तपकिरी टरफलाचा चिलगोजा म्हणजे एका पाइन वृक्षाचे बी. हा वृक्ष आपल्या उष्ण मुलखातला नव्हे. हिमाचल प्रदेशातील किनौरमध्ये सुमारे १,८०० ते ३,३०० मीटर उंचीच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर तो वाढतो. त्याची वाढ अतिशय मंद आणि आयुष्य शतकांचे. २००७ साली संशोधकांनी तेथील झाडांच्या खोडांतील वलये मोजून सुमारे हजार वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला.

अशा झाडाचे रोप करावयाचे, तर धीर हवा. भाजलेले बी रुजत नाही. जुने बी खवट होऊन निकामी होते. म्हणून ताजे, भरीव बी निवडून काही आठवडे ओलसर वाळूत गारव्याला ठेवावे. म्हणजे ते बरेचसे एकदम रुजते. कोंब वर दिसण्याआधीच मूळ खोल जाते. यास्तव पिशवी उंच घ्यावी आणि पाणी साचू देऊ नये. उंदीर व पाखरे बी उकरून नेतात, म्हणून वर जाळी घालावी. पहिल्या वर्षी रोप जेमतेम चार-सहा बोटे वाढते. त्यामुळे ते काही वर्षे रोपवाटिकेतच सांभाळावे लागते.

रानात तर नवी रोपे फारच विरळ दिसतात. चिलगोज्याला भाव चांगला असल्याने शंकू उमलण्यापूर्वीच ते उतरवून घेतात. जमिनीवर बी पडावे कोठून? उगवलेले कोवळे रोप मेंढ्या-बकऱ्या खातात. आणखी एक नुकसान सहसा लक्षात येत नाही. शंकू पिकण्यास दुसरे वर्ष उजाडते; तेव्हा यंदाच्या शंकूसाठी फांदी तोडली की तिच्यावरचे पुढील वर्षाचे लहान शंकूही जातात.

यावर जाणकारांचे उपाय साधे आहेत: फांदी न तोडता आकडीने शंकू काढावेत, प्रत्येक रानात काही झाडे बियांसाठी राखावीत, आणि काही भाग चराईस बंद ठेवावा. परंतु हे एकट्याच्याने होणारे नव्हे. एकाने राखलेले झाड दुसऱ्याने झोडपले, तर राखणाऱ्याचा संयम व्यर्थ जातो. म्हणून सर्व गावाने मिळून ठरवावे लागते.

किनौरच्या गरीब घरांना या बियांचा पैसा लागतो, तो त्यांनी घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही म्हणतो ते इतकेच, की आजची झाडे कोणा पूर्वीच्या माणसांच्या हातून सुटलेल्या बियांतून उभी राहिली. उद्याच्या माणसांसाठी आपल्याही हातून थोडे बी सुटावे.