नानांची बाभूळ आणि थरथरणारा कॅमेरा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा तांत्रिक आहे, पण आमच्या घरच्यांना नानांचा तो फोटो कसा झाला हे विचारून विचारून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

नाना म्हणजे माझे चुलते. आयुष्य धारूरकडच्या शेतीत गेलं. मोतीबिंदू, गुडघे आणि एकटेपणा यांनी मिळून त्यांना पुण्याला मुलाकडे जायला लावलं. जाण्याआधी एकच मागणं, "किल्ल्यावरून आपलं रान दिसतंय बघ. त्याचा मोठ्ठा फोटो काढ. भिंतीला लावतो."

धारूरचा किल्ला ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. १५६७ साली आदिलशाहीच्या किश्वरखानाने बांधलेला, तीन बाजूंना बालाघाटाची खोल दरी. मी लगेच माझं सेकंडहँड गिगापॅन काढलं. हे एक मोटारीवर फिरणारं डोकं असतं. ट्रायपॉडवर लावायचं, कॅमेरा त्यावर बसवायचा. ते थोडं थोडं वळत फोटो घेत जातं आणि नंतर संगणकावर सगळे तुकडे जोडायचे. कल्पना मंगळावरच्या यानांच्या पॅनोरामावरून आली. २००९ साली ओबामांच्या शपथविधीचा २२० फोटो जोडून केलेला १४७४ मेगापिक्सेलचा फोटो गाजला होता, तो याच जातीच्या यंत्राचा.

२०० मिमी लेन्स, २७ उभे रकाने, ५ आडव्या रांगा, एकूण १३५ फोटो. दुपारी बारा वाजता, एप्रिलमध्ये. (हसा.) घरी येऊन मोठं करून पाहिलं तर निम्मे फोटो पुसट. नानांचं रान म्हणजे हिरवट तपकिरी लापशी.

पहिली प्रतिक्रिया अर्थातच यंत्राला शिव्या. पण शांतपणे एकेक फोटो पाहिला तेव्हा कळलं की पुसटपणा एका प्रकारचा नसतोच. काही फोटोंत आडवे ओरखडे होते, आणि ते बहुतेक प्रत्येक रांगेच्या पहिल्या फोटोत. साहजिक आहे. रांग संपली की डोकं लांबचा वळसा घेऊन परत येतं, थांबतं, पण वरचा जड कॅमेरा डुलतच राहतो. आणि मी घाईने थांबण्याचा वेळ कमीत कमी ठेवलेला. माझ्या कॅमेऱ्यावर २०० मिमीला, ५० मीटर अंतरावर जेमतेम १ मिलिमीटर सरकेल इतकी हालचाल झाली तरी चित्र एक पिक्सेल हलतं. डोळ्याला असलं काही दिसणारच नाही! उपाय फुकट आहे. प्रत्येक फोटोआधी २ सेकंद जास्त थांबा. १३५ फोटोंना साडेचार मिनिटं. तेवढी वाचवायला मी धारूरपर्यंतचा प्रवास वाया घालवला होता.

काही फोटोंत कडा उभ्या दिशेने दुहेरी. तो आरशाचा धक्का, आरसा आधीच उचलून ठेवला की जातो. फोकस आणि एक्सपोजर दोन्ही एकदाच ठरवून मॅन्युअलवर; लेन्समधलं कंपनरोधक बंद, कारण ट्रायपॉडवर ते कधी कधी नसलेलं कंपन शोधत बसतं. ट्रायपॉडचा मधला दांडा खाली, पायांच्या सर्वांत बारीक नळ्या आत. वजनाची पिशवी टांगतात ना, ती जमिनीला टेकलेली हवी. मी लोंबकळत ठेवली होती आणि गडावरच्या वाऱ्यात ती लंबकासारखी झुलत होती. आयएसओ १०० चा सोवळेपणाही मी सोडला. ४०० वर थोडे दाणे येतात, येऊ द्यात. त्या बदल्यात शटर १/५०० मिळतं. दाणे घालवता येतात, हललेलं परत येत नाही.

उरलेले फोटो मात्र लाटांसारखे वाकडे, आणि त्याला यंत्रात इलाजच नाही. तापलेल्या खडकावरून उठणारी हवा ती. एप्रिलच्या दुपारी दरीपलीकडचं काहीही स्थिर नसतं. तिथे पहाटच हवी.

एका मित्राने सुचवलं, "आता एआयने धारदार होतं की, कशाला परत जातोस?" करून पाहिलं. झाडं छान कोरीव आली. बांधावर एक गोलसर डेरेदार झाड उमटलं, जे तिथे कधीच नव्हतं. पर्यटनाच्या पोस्टरला चालेल हो. पण ज्या माणसाने त्या बांधावर चाळीस वर्षं भाकरी खाल्ली त्याला मी संगणकाने कल्पिलेलं झाड दाखवू? माझं मत यावर ठाम आहे. पुन्हा जाता येत असेल तर पुन्हा जा, नाहीतर पुसट फोटो पुसटच द्या.

डिसेंबरात पुन्हा गेलो, सकाळी सातला. तोवर नाना पुण्याला गेलेले. यावेळी गडावरच कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रत्येक रांगेचा पहिला फोटो पूर्ण मोठा करून तपासला, दोन रांगा पुन्हा घेतल्या आणि मगच खाली उतरलो.

पुण्यात संगणकावर नानांनी स्वतः माऊस धरून रान शोधलं. विहीर सापडली, पत्र्याचं शेड सापडलं. मग बांधावर थांबले. खूप वेळ.

"बाभूळ कुठं गेली रं?"

मी म्हटलं, फोटो स्वच्छ आहे नाना, तिथे काही नाहीये.

"म्हंजे तोडली," एवढंच म्हणाले, आणि वाटेकऱ्याला फोन लावायला सांगितला.