भीतीवर औषध आहे, अन्यायावर नाही : भडगावसारख्या गावांत समुपदेशकाने काय करावे?

ऑगस्ट 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका वयोवृद्ध मुस्लिम प्रवाशाला धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये मारहाण झाली. डब्यातल्या तरुणांना त्यांच्या सामानात गोमांस असल्याचा संशय होता. वर्षभरात, ऑगस्ट 2025 मध्ये, जामनेर तालुक्यात एका तरुणाचा जमावाच्या मारहाणीत जीव गेला. दोन्ही घटनांचे व्हिडिओ आणि बातम्या भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या घराघरांत मोबाईलवर पोहोचल्या. गुन्हे दाखल झाले, चर्चा झाल्या. पण त्यानंतर घराघरांत जे सुरू होते, त्याची नोंद कुठेच होत नाही. अम्मी मुलाला म्हणते, "टोपी खिशात ठेव, गाडीत बसल्यावर फोनवर सलाम करू नको." मुलाची झोप उडते, अब्बांचा रक्तदाब वाढतो. डॉक्टर गोळी देतात, पण गोळी कशावर चालू आहे हे कुणी विचारत नाही.

खान्देशात ही भीती नवी नाही. मे 1970 मध्ये जळगावात दंगल झाली, 40 पेक्षा जास्त माणसे गेली आणि त्यात बहुतेक मुसलमान होते. भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. 6 जानेवारी 2013 ला धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून वाद पेटला आणि पोलीस गोळीबारात सहा मुस्लिम तरुण ठार झाले. आजोबांची आठवण आणि नातवाचा मोबाईल, दोन्ही एकाच घरात आहेत. म्हणून या भीतीला नुसता 'वहम' म्हणता येत नाही.

मग समुपदेशकाने काय करावे? काही जण म्हणतात, "राजकारण इथे नको, तुमच्या मनाबद्दल बोला." आमच्या मते इथेच चूक होते. ज्याच्या मनात राजकारणानेच घर केले आहे, त्याने ते दाराबाहेर कसे ठेवायचे? समुपदेशकाने स्वतःहून विचारले पाहिजे : बाहेरच्या वातावरणाचा तुमच्यावर काय परिणाम होतो? प्रश्न साधा आहे, पण तो विचारला गेला की माणूस मोकळा होतो.

दुसरी चूक उलट बाजूची. समुपदेशक स्वतःचे मत गळी उतरवतो किंवा समोरच्याच्या रागात तेल ओततो. हेही उपचार नव्हेत. भीतीच्या तीन वाटण्या करता आल्या पाहिजेत : माझ्यावर प्रत्यक्ष काय घडले, माझ्या गावात काय घडले, आणि फक्त फॉरवर्ड होऊन काय आले. पहिल्यासाठी आधार लागतो आणि वकीलही लागतो. दुसऱ्यासाठी सावधगिरी आणि चार माणसांची सोबत लागते. तिसऱ्यासाठी रात्री फोन बाजूला ठेवण्याची सवय लागते. तिन्हींवर एकच गोळी किंवा एकच उपदेश चालत नाही.

कायदाही इथे आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सांगतो की धर्म, जात किंवा राजकीय मत यावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही. एखाद्याचा राजकीय किंवा धार्मिक गट पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. रुग्णाने सांगितलेले गुप्त ठेवणेही बंधनकारक आहे. आपल्या लोकांना ही शेवटची गोष्ट ठाऊकच नसते. "समोरचा दुसऱ्या समाजाचा आहे, बोललो तर बाहेर जाईल" या धास्तीने कितीतरी जण जातच नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) दिसले की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. तालुक्याच्या गावात, त्यातही बायका-मुलींसाठी, वाट आणखी अवघड. भडगावच्या माणसाला मोठ्या रुग्णालयासाठी जळगाव गाठायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. 14416 हा 'टेली-मानस'चा मोफत क्रमांक मात्र घरातूनच लावता येतो आणि मराठीतही बोलता येते.

पण एका खोलीत दोन खुर्च्या मांडून हे सगळे सुटणार नाही. 2002 च्या गुजरात दंगलींनंतर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने वस्तीतल्याच साध्या कार्यकर्त्यांना मानसिक आधार देण्याचे प्रशिक्षण दिले. आपल्याकडे आशाताई, शिक्षक, इमाम साहेब, मंडळाचे कार्यकर्ते यांना असेच शिकवता येईल. भिवंडीचे उदाहरण तर महाराष्ट्रातलेच आहे. 1970 आणि 1984 ला जळालेल्या त्या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 च्या सुमारास मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे नियमित भेटू लागली. 1992-93 ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. कमिट्या दंगलीच्या रात्री जन्मल्या नव्हत्या, त्या आधीपासून भेटत होत्या, म्हणून हे जमले.

आपल्या बाजूनेही हिशेब हवा. आपल्या ग्रुपवर समोरच्या पूर्ण समाजाला शिव्या देणारा मजकूर फिरतो तेव्हा आपण काय करतो? शेतात, बाजारात, शाळेत रोज सोबत असलेला माणूस आणि मोबाईलवरचा चेहराहीन 'ते', यांत फरक करायला मुलांना शिकवणे हे घरातले समुपदेशनच आहे.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. ज्याच्या मुलाला मारले, त्याला "सब्र करा, श्वास मोजा" एवढेच सांगून परत पाठवणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. त्याला एफआयआर हवी, निष्पक्ष तपास हवा, निकाल हवा. चांगला समुपदेशक न्यायाची जागा घेत नाही. न्याय मागायला उभे राहण्याएवढे बळ तो माणसात परत आणतो. भडगावच्या जमातींनी, शाळांनी आणि डॉक्टरांनी पुढची घटना घडण्याआधी एकत्र बसावे, एवढीच आमची विनंती आहे.