पुढची स्लाइड, प्लीज!

ज्याला बोलण्यासारखं काही नसेल त्यानं गप्प बसावं, असा एक साधा नियम आपल्याकडे पूर्वापार होता. तो पाळत कोणीच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण न पाळणाऱ्याला निदान घाम फुटायचा. उभं राहायचं, घसा खाकरायचा, पेल्यातलं पाणी प्यायचं, पहिल्या रांगेतल्या जांभईकडे दुर्लक्ष करायचं आणि अगदीच काही सुचेनासं झालं की "वेळेअभावी" असं म्हणून खाली बसायचं. एकही मुद्दा जवळ नसताना अर्धा तास काढणं हे अंगमेहनतीचं काम होतं. आता ती मेहनतही संपली. यंत्राला एक ओळ सांगायची, यंत्रानं बारा स्लाइड्स करून द्यायच्या, वक्त्यानं त्या श्रोत्यांकडे पाठ करून वाचायच्या आणि मधूनमधून "पुढची स्लाइड, प्लीज" म्हणायचं. माझं भांडण आहे ते या सोयीशी.

आमच्या लहानपणी स्लाइड म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे यायच्या. एक, ताप उतरत नसला की डॉक्टर बोट टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचे, ती. आणि दुसरी, सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर येणारी. कुठल्या तरी कापडदुकानाची, दंतमंजनाची, नाहीतर "धूम्रपान करू नये" अशी विनंती करणारी. त्या दोन्ही स्लाइड्सचा एक गुण होता. त्यांना काहीतरी सांगायचं असायचं. मलेरिया आहे की नाही ते पहिली सांगायची, आणि लुगडी कुठे मिळतात ते दुसरी. हल्लीची स्लाइड संपल्यावर मलेरिया झाला की लुगडं मिळालं, हेच कळत नाही.

या प्रकाराचा इतिहास फार जुना नाही. १९८७ साली फोरथॉट नावाच्या एका लहान अमेरिकन कंपनीनं मॅकिंटॉश संगणकासाठी 'पॉवरपॉइंट' बाजारात आणलं. रॉबर्ट गॅस्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे अपत्य तेव्हा नुसतं काळं-पांढरं होतं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती अख्खी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. तिथवर ठीक होतं. ज्याच्याजवळ मुद्दा आहे त्याला तो भिंतीवर दाखवता यावा, एवढंच ते मागणं. पण लवकरच धंद्याच्या लक्षात आलं की दाखवायला उत्सुक माणसं पुष्कळ आहेत, मुद्दे मात्र कमी आहेत. मग नव्वदच्या दशकात पॉवरपॉइंटमध्ये 'ऑटोकंटेंट विझार्ड' आला. ऑटोकंटेंट म्हणजे आपोआप मजकूर. हे नाव कंपनीतल्या लोकांनी मुळात थट्टेनं ठेवलं होतं, असं 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकानं २००१ साली छापलं. गिऱ्हाइकाची थट्टा खोक्यावर छापायची आणि गिऱ्हाइकानं ती पैसे मोजून घरी न्यायची, हे व्यापारातसुद्धा रोज घडत नाही.

विझार्ड म्हणजे आपल्या भाषेत मांत्रिक. आपला मांत्रिक लिंबू आणि काळी बाहुली मागतो. हा मांत्रिक फक्त विषय विचारायचा, आणि विषयही त्याच्याकडे तयार असायचे. प्रगतीचा अहवाल देणे, माल खपवणे, धोरण सुचवणे. आणि या यादीत एक विषय होता, 'वाईट बातमी कळवणे'. ते बटण दाबलं की चौकटी हजर. आपली परिस्थिती, हे कसं घडलं, विचारात घेतलेले पर्याय, शिफारस, भविष्याचं चित्र आणि सारांश.

आता आमच्या इतिहासात एक वाईट बातमी आहे. १७६१ सालची, पानिपतची. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती एका सावकाराच्या पत्रातून कळली, असं शाळेत आपण सगळेच शिकलो. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा नाण्याअडक्याच्या भाषेत दोनचार शब्द. पण त्या दोनचार शब्दांत एक मुलगा होता, एक भाऊ होता आणि घरोघरची गेलेली माणसं होती. नानासाहेब त्याच वर्षी वारले. त्या सावकाराजवळ विझार्ड असता तर त्यानं 'विचारात घेतलेले पर्याय' या मथळ्याखाली तीन मुद्दे टाकले असते आणि शेवटी 'भविष्याचं चित्र' म्हणून उगवत्या सूर्याचा फोटो लावला असता.

आणि महाभारताचं काय? जगातलं सगळ्यांत लांबलचक निवेदन संजयानं केलं, आणि तेही एका आंधळ्या माणसापुढे. अठरा दिवसांचं युद्ध, अठरा अक्षौहिणी सैन्य, शंभर पोरांचे मृत्यू, पण स्लाइड एकही नाही. तरी धृतराष्ट्राला काही कळलं नाही असं कोणी म्हटलेलं ऐकिवात नाही. उलट जरा जास्तच कळलं.

हे मी जुन्याचा अभिमानी म्हणून बोलतो आहे असं वाटत असेल तर पीटर नॉर्विग यांचं ऐका. कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या सर्वांत गाजलेल्या पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक, म्हणजे संगणकाला बुजणारा माणूस नव्हे. त्यांनी २००० साली याच विझार्डला कामाला लावून अब्राहम लिंकनच्या गेटिसबर्गच्या भाषणाच्या स्लाइड्स केल्या. मूळ भाषण १९ नोव्हेंबर १८६३चं. रणभूमीवर मेलेल्या सैनिकांची दफनभूमी, तीन मिनिटांच्या आतलं बोलणं, पावणेतीनशेच्या आसपास शब्द. लिंकनच्या आधी एक विद्वान गृहस्थ तिथे दोन तास बोलून गेले होते, त्यांचं भाषण आज कोणाला आठवत नाही. नॉर्विगच्या स्लाइड्समध्ये या भाषणाची कार्यक्रमपत्रिका झाली, उद्दिष्टं झाली, आणि एक आलेखही झाला. सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी नवी राष्ट्रं एक, आज शून्य! सारा मजकूर मुद्देसूद होता. फक्त त्यातून मेलेली माणसं नाहीशी झाली होती.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडालं. दीड मिनिटाच्या आत इंधनाच्या टाकीवरचा फोमचा एक मोठा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत होतं आणि खाली अभियंते विचार करत होते, इजा किती झाली असेल? त्यांचं म्हणणं स्लाइड्सवर मांडलं गेलं. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. खाली मुद्दे, मुद्द्यांच्या पोटात उपमुद्दे, उपमुद्द्यांच्या पोटात आणखी पिल्लं. आणि सर्वांत तळाशी, बारीक टायपात, खरी बातमी होती. चाचण्या झाल्या होत्या त्या सुमारे तीन घनइंचाच्या तुकड्यांवर, आणि आदळलेला तुकडा होता एक हजार नऊशे वीस घनइंचांच्या घरातला. सहाशे चाळीसपट! १ फेब्रुवारीला यान परतताना आकाशात फुटलं. सात माणसं गेली. त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. एका स्लाइडनं यान पाडलं असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण त्याच वर्षीच्या चौकशी अहवालात मंडळानं मुद्दाम लिहिलं, की ही स्लाइड वाचणाऱ्या वरिष्ठाला आपल्यासमोर जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे हे कळलंही नसेल, आणि शास्त्रीय लेखाच्या जागी स्लाइड्स वापरण्याची सवय बरी नव्हे. "तुकडा सहाशेपट मोठा आहे हो!" हे वाक्य ओरडून सांगायचं असतं. ते चौथ्या पायरीवरच्या टिंबापुढे बसवलं की त्याचा आवाज निघत नाही.

२००७च्या आवृत्तीतून तो जुना मांत्रिक काढून टाकला, तेव्हा पीडा टळली असं वाटलं होतं. पण मांत्रिक गेला आणि त्याचा मुलगा परदेशी शिकून आला. २०२३ साली मायक्रोसॉफ्टनं 'कोपायलट' आणला, आणि आता त्याच्यासारखे साहाय्यक गल्लोगल्ली झाले आहेत. कोपायलट म्हणजे सहवैमानिक. विमानात सहवैमानिक असतो तेव्हा एक वैमानिकही असतो, अशी माझी भाबडी समजूत आहे.

बापात आणि मुलात एक मोठा फरक आहे. बाप चौकट द्यायचा आणि आत लिहायचा, 'इथे आपला मुद्दा घाला.' मुद्दा नसला की ती रिकामी चौकट तुमच्याकडे टक लावून बघायची. त्या बघण्याची लाज वाटून का होईना, माणूस दोन मिनिटं विचार करायचा. मुलगा चौकट भरूनच आणतो. तो भरतो कशानं? आजवर माणसांनी लिहिलेला डोंगराएवढा मजकूर त्याला पढवलेला असतो आणि या शब्दामागून बहुधा कुठला शब्द येईल ते तो जुळवत जातो. म्हणजे अशा प्रसंगी कोणीही जे म्हणेल, ते तो म्हणतो. 'कोणीही' या गृहस्थाचं भाषण तुम्ही तुमच्या नावावर वाचून दाखवता.

आमच्या शेजारच्या चौथीतल्या मुलीला शाळेनं 'माझी आजी' या विषयावर प्रेझेंटेशन करायला सांगितलं. चौथीत! तिनं आधी वहीत लिहिलं होतं, ते मी वाचलं. "माझी आजी रमीत लबाडी करते. हरायला लागली की तिला कमी ऐकू येतं." रात्री साडेदहाला वडिलांनी साहाय्यकाला हाक मारली आणि पाच मिनिटांत सहा स्लाइड्स तयार झाल्या. 'आजी : कुटुंबाचा आधारस्तंभ. संस्कारांचं विद्यापीठ. प्रेमाचा अखंड झरा.' सोबत चित्र. पांढरेशुभ्र केस, अंगावर शाल, झुलती खुर्ची आणि मागे भिंतीत धगधगणारी शेकोटी! ही आमची पुण्यातली आजी, मे महिन्यात पदरानं वारा घेणारी. मुलीनं चित्र बघून विचारलं, "बाबा, ही कोणाची आजी?" शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले. इतरांच्या आज्याही आधारस्तंभच निघाल्या. एका वर्गात हजारखांबी मंडप उभा राहिला, आणि रमीत लबाडी करणारी एकुलती एक म्हातारी वहीतच राहिली.

मला चीड येते ती याची. त्या पोरीजवळ मुद्दा होता. अस्सल, पाहिलेला, ऐकलेला, तिचा तिचा. तो काढून घेऊन तिच्या हातात 'कोणीही'चा मुद्दा दिला, आणि वर शाबासकी दिली.

मोठ्यांचं तर विचारूच नका. आमच्या सोसायटीची टाकी गळते. पूर्वीचे सेक्रेटरी सभेत उभे राहून म्हणायचे, "टाकी गळतेय, पैसे काढा." त्यावर तासभर भांडण व्हायचं, दोन बिऱ्हाडांचं बोलणं बंद व्हायचं, पण टाकी दुरुस्त व्हायची. नव्या सेक्रेटरींनी यंदा 'शाश्वत जलव्यवस्थापन : एक समग्र दृष्टिकोन' या विषयावर अठरा स्लाइड्स दाखवल्या. हिरवी पानं, पाण्याचे थेंब, वर चढणारे बाण. भांडायला जागाच नाही! समग्र दृष्टिकोनाशी कोण भांडणार? टाळ्या झाल्या, बटाटेवडे झाले. जाताना तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, "ते सगळं छान झालं रे, पण टाकीचं काय?" टाकी अजून गळते आहे. हल्ली ती समग्रपणे गळते.

पुढची गंमत अशी की हाच साहाय्यक आलेल्या स्लाइड्सचा सारांशही करून देतो. म्हणजे पाठवणारा एका ओळीच्या वीस स्लाइड्स करवून घेणार आणि मिळालेला वीस स्लाइड्सची पुन्हा एक ओळ करवून घेणार. यापेक्षा पोस्टकार्ड काय वाईट होतं?

तुम्ही म्हणाल, सरसकट सगळ्याच स्लाइड्सवर राग का? तसं नाही. अजिंठ्याचं चित्र शब्दांत सांगू नये, दाखवावं. हाडाचा एक्स-रे, नदीचा नकाशा, पावसाचा आलेख, हे डोळ्यांचंच काम. ज्याला अक्षरांची मांडणी जमत नाही त्याला यंत्रानं समास आखून दिला तर माझी हरकत नाही. शिंपी शर्ट शिवून देतो, त्याला आपण नाव ठेवत नाही. पण शिंप्यानंच आपल्याऐवजी लग्नाला उभं राहू नये, एवढंच म्हणणं आहे. अॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २००४ साली आपल्या वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि त्याजागी सलग वाक्यांत लिहिलेलं टिपण आणायला सांगितलं. सुरुवातीला सगळ्यांनी ते गप्प बसून वाचायचं. सगळ्यांनी गप्प बसायचं, हा भाग मराठी सभेत जमेल असं वाटत नाही, पण सलग वाक्याचा भाग घ्यायला हरकत नाही. वाक्य लिहिताना 'म्हणून' आणि 'पण' हे दोन शब्द येतात, आणि ते आले की खोटं पकडलं जातं. टिंबापुढच्या मुद्द्यांना एकमेकांशी नातं सांगावं लागत नाही. ते एसटीतल्या प्रवाशांसारखे शेजारी शेजारी नुसते बसलेले असतात.

माझी एक साधी कसोटी आहे. स्लाइड करायच्या आधी स्वयंपाकघरात जावं. तिथे जे कोणी पाठ करून पोळ्या लाटत असेल त्याला आपलं म्हणणं सांगावं, कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत. "मग?" असा प्रश्न आला तर म्हणणं पोचलं. "मीठ दे जरा" असं उत्तर आलं तर बारा स्लाइड्स करूनही ते पोचणार नाही, मग साहाय्यक कितीही हुशार असो.

आणि एवढं करायलाही वेळ नसेल तर महाराष्ट्राच्या विजेवर भरवसा ठेवावा. ती ऐन वेळी जाते. पडदा काळा होतो, पंखे थांबतात, आणि अंधारात वक्ता एकटा उरतो. त्यानंतरही जो बोलत राहतो त्याचं मी कितीही वेळ ऐकायला तयार आहे.