स्वस्तातलं पिस्तूल आणि सिलिंडरवरची तारीख

 

आजचा विषय आपल्या सदरासाठी जरा हटके आहे. गेल्या महिन्यात आमच्या घरात यावरून चांगलीच वादावादी झाली, म्हणून म्हटलं तुमच्याशीही बोलावं.

माझी मावशी इथे व्हाइटफील्डमध्येच राहते. मूळची कोल्हापूरची. तिची लेक आठवीत आहे आणि वर्षभरापासून एअर पिस्तूल शिकतेय. कोल्हापूरच्या घरात नेमबाजीचं वेड नवीन नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकणारा राधानगरीकडचा स्वप्नील कुसाळे ही नावं तिथे घरच्या माणसांसारखी घेतात. राहीने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हा मावशीने सोसायटीत पेढे वाटले होते!

तर झालं असं, की काकांना एक जुनं मॅच पिस्तूल अर्ध्या किमतीत मिळत होतं. नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जातं, त्यामुळे काका खूश. पैसे देण्याआधी मी म्हटलं, एकदा प्रशिक्षकांना दाखवू या. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, पण नळीकडे पाहिलंच नाही. हवेचा सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख वाचली आणि पिस्तूल शांतपणे पेटीत ठेवलं.

"काका, याची मुदत संपलीय. ही वस्तू मुलीच्या हातात देऊ नका."

सिलिंडरची तारीख का बघायची?

आजच्या एअर पिस्तूलमध्ये दाबलेली हवा असते, साधारण २०० बारपर्यंत. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असते, यावरून अंदाज करा. हा छोटासा सिलिंडर मुलीच्या हातात, चेहऱ्यासमोर असतो. म्हणून नामांकित कंपन्या त्याला साधारण १० वर्षांची मुदत देतात. तारीख उलटली की सिलिंडर बदलायचा, "अजून चालतोय की" म्हणायचं नाही. त्यात फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. ऑक्सिजन कधीही नाही, त्याने स्फोट होऊ शकतो. आणि उन्हात उभ्या गाडीत पिस्तूल ठेवू नका.

आधी हात बघा, मग ब्रँड

१० मीटर एअर पिस्तूलचं वजन नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. स्पर्धेआधी तो वजन टांगून तपासतात. पण तेरा वर्षांच्या मुलीसाठी खरा प्रश्न मुठीचा असतो. लाकडी ग्रिप छोट्या-मोठ्या मापात मिळते. ग्रिप सैल असेल तर प्रत्येक नेमाला मनगट वेगळं बसतं. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तिथे एवढासा फरकही महागात पडतो.

म्हणून पहिलं वर्ष क्लबचंच पिस्तूल वापरा. स्वतःचे पैसे आधी सपाट तळाच्या बुटांवर, डोळ्यांच्या संरक्षक चष्म्यावर आणि चांगल्या छर्ऱ्यांवर घाला. छर्रे ४.५ मिलिमीटरचे, सपाट तोंडाचे घ्या. डबी पडली आणि छर्रे चेपले, तर ते सरावातूनही बाजूला काढा.

दहा मिनिटांची देखभाल

• सर्वात आधी पिस्तूल रिकामं आहे याची खात्री. पेटीतून काढताना आणि ठेवताना नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग हवाच.
• नळी साफ करायला नमद्याचे खास छर्रे मिळतात. लोखंडी गज खुपसू नका.
• घरातलं मशीनचं तेल हवेच्या भागांत घालू नका. रबरी रिंगांना कंपनीने सांगितलेलंच ग्रीस लावा.
• बाहेरून मऊ कापड फिरवा. घामाने धातू गंजतो. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा.
• ट्रिगरचे स्क्रू घरी पिळू नका, ते काम जाणकाराचं.

आणि आयांनो, हे खास तुमच्यासाठी: छर्रे शिशाचे असतात. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही!

बिघाड कुणालाही गाठतो

टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, उरलेले नेम घाईत मारावे लागले आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली. अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तिच्याकडे चांगली वस्तू नव्हती असं कोण म्हणेल? यंत्र आहे, कधी ना कधी रुसणारच. म्हणून नेहमीची तपासणी स्पर्धेच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी करायची. तीच मनू २८ जुलै २०२४ला पॅरिसमध्ये त्याच प्रकारात कांस्य घेऊन उभी होती.

घरात लहान मूल असेल तर

मावशीचा धाकटा सहा वर्षांचा आहे. ठरावीक मर्यादेतल्या एअर पिस्तूलला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही, म्हणून ते खेळणं ठरत नाही. त्या छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. पिस्तूल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. घरी छर्ऱ्याविना नेम धरण्याचा सराव करायचा असेल तर कोऱ्या भिंतीसमोर आणि मोठं माणूस खोलीत असतानाच.

काका दोन दिवस फुगून बसले होते. "एवढं स्वस्त परत मिळणार नाही" हेच पालुपद. तिसऱ्या दिवशी लेकीनेच सांगितलं, "बाबा, मला क्लबचं पिस्तूल चालतं. माझा हात अजून वाढतोय." झालं, विषय मिटला! आता दर रविवारी ती सरावानंतर क्लबचं पिस्तूल स्वतः पुसते, वहीत तारीख आणि छर्ऱ्यांची संख्या लिहिते. शेजारी काका चष्मा लावून बसतात आणि सगळ्यात आधी सिलिंडरवरची तारीख वाचतात.

तुमच्या घरातही एखादा छोटा नेमबाज असेल, तर आज त्याच्यासोबत पेटी उघडून ती तारीख नक्की बघा. भेटूया पुढच्या वेळी, नवीन विषयासह!