वही कोणाकडे?

वाण्याकडे उधारीचे खाते असले की वही कोणाकडे राहते, यावरून त्या दुकानाची रीत कळते. काही ठिकाणी वही गिऱ्हाइकाच्या घरी. पोराने ती पिशवीबरोबर न्यायची, वाण्याने साखर-डाळ तीत टिपून ती परत द्यायची. दुकानात नोंद म्हणून काही नाही. काही ठिकाणी वही दुकानातच, आणि गिऱ्हाइकाने नुसता खाते नंबर सांगायचा. लक्ष्मीपूजनाच्या निमित्ताने वह्यांचा विषय निघालाच आहे, तर आज एका वेगळ्याच दुकानातल्या वह्यांची हकिकत सांगतो. दुकान म्हणजे टेबलावरच्या छोट्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि गिऱ्हाईक म्हणजे तिच्यावर चालणारा प्रोग्राम.

आपण ‘फाइल उघडली’ असे सहज म्हणतो. पण तबकडीवरची फाइल काही पेटीसारखी उघडत नाही. उघडणे म्हणजे एक टिपण करणे. फाइल कोणत्या तबकडीवर आहे, तिचे तुकडे कोठे कोठे पडले आहेत, वाचता-लिहिता आपण कोठवर आलो, हे ते टिपण. ते बिघडले तर फाइल जागच्या जागी असून नसल्यासारखी!

गॅरी किल्डॉल या अमेरिकन गृहस्थाने १९७४ साली कॅलिफोर्नियात सीपी-एम नावाची सिस्टिम रचली. तिथे वही गिऱ्हाइकाच्या घरी होती. प्रोग्राम आपल्याच मेमरीत थोडी जागा राखी आणि तिचा पत्ता सिस्टिमला देई. सिस्टिमच्या दुसऱ्या आवृत्तीत ही जागा ३६ बाइटांची होती आणि तिचे नाव फाइल कंट्रोल ब्लॉक. पहिल्या घरात ड्राइव्ह, मग आठ अक्षरांचे नाव, तीन अक्षरांचे आडनाव, आणि पुढे १६ बाइटांत फाइलीचे तुकडे तबकडीवर कोठे आहेत त्याचे आकडे. सिस्टिम ही वही भरून परत देई आणि विसरून जाई. या घडीला किती फाइली उघड्या आहेत, असे तिला कोणी विचारले असते तर तिला सांगता आले नसते.

याला आळस म्हणू नका. ज्या यंत्रांवर ती चाले त्यांची मेमरी फार तर ६४ किलोबाइट. सिस्टिमने स्वतःच्या वह्या ठेवायच्या म्हटले तर कोणी आले नाही तरी त्यांची जागा अडणार. त्यापेक्षा ज्याला गरज त्याने आपली वही आणावी, हा हिशेब चोख होता. खोट एवढीच की वही गिऱ्हाइकाच्या हातात. प्रोग्रामच्या चुकीने तीतला एखादा आकडा बदलला, तर सिस्टिम तोच प्रमाण मानून भलत्याच फाइलीच्या जागेवर लिहून मोकळी.

१९८० साली टिम पॅटरसन यांनी सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीसाठी ८०८६ या नव्या चिपकरिता एक सिस्टिम लिहिली. सीपी-एमचे प्रोग्राम तिच्यावर सहज आणता यावेत म्हणून त्यांनी ही वहीची रीत तशीच ठेवली. मायक्रोसॉफ्टने ती सिस्टिम विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये ती आयबीएमच्या पीसीबरोबर जगापुढे आली. तीच डॉस.

पण दोनच वर्षांत ही वही अपुरी पडली. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा एक्सटी हा संगणक आला, त्यात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क. एवढ्या कोठारात सगळ्या फाइली एकाच ढिगात ठेवणार कशा? खण हवेत, खणात पोटखण हवेत. आणि जुन्या वहीत तर नाव-आडनावाची अकरा अक्षरे सोडून पत्ता लिहायला जागाच नव्हती! तेव्हा डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने युनिक्स या थोरल्या सिस्टिमची रीत उचलली. वह्या दुकानात आणल्या. प्रोग्रामने पूर्ण पत्ता सांगायचा आणि मोबदल्यात एक नंबर घ्यायचा. त्याला हँडल म्हणतात. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हाती येणारा पत्र्याचा बिल्लाच म्हणा ना.

इथली व्यवस्था दुहेरी आहे, आणि मौज तिथेच आहे. प्रत्येक प्रोग्रामपाशी वीस घरांची एक छोटी पट्टी, एका घराला एक बाइट. त्या घरात असतो तो दुकानातल्या मोठ्या तक्त्याच्या ओळीचा नंबर. खरी नोंद त्या तक्त्यात: फाइल किती मोठी, आपण कोठवर आलो, आणि ही ओळ कितीजण धरून आहेत. प्रोग्रामने एकही फाइल उघडण्याआधी पट्टीतली पहिली पाच घरे भरलेलीच असतात. त्यांतले आकडे साधारणतः १, १, १, ०, २. एक नंबरची ओळ कीबोर्ड-पडद्याची, म्हणून ती तीनदा. शून्य नंबर जोडतारेचा, दोन नंबर प्रिंटरचा. म्हणून पहिल्या खऱ्या फाइलीला बिल्ला मिळतो तो पाच नंबरचा. पडद्याच्या घरातला आकडा बदलून तिथे एखाद्या फाइलीच्या ओळीचा नंबर लिहिला, की प्रोग्राम पडदा समजून जे लिहील ते मुकाट फाइलीत जाते. त्या बापड्याला पत्ताही लागत नाही.

मोठ्या तक्त्यात मुळात ओळी आठच. म्हणून आपल्याकडे कचेऱ्यांत डीबेस चालवणाऱ्यांना कॉन्फिग नावाच्या फाइलीत ‘फाइल्स = २०’ असे लिहावे लागे. कित्येकांनी ती ओळ मंत्रासारखी उतरवून घेतली. मंत्राचा अर्थ तो एवढाच.

वही दुकानात आली तरी एक धोका उरलाच. नव्या फाइलीची लांबी तबकडीवरच्या यादीत लिहिली जाई ती फाइल बंद करताना. तोवर यादीत लांबी शून्य. दुपारभर माल भरला आणि बंद करण्याआधी वीज गेली, तर मजकूर तबकडीवर पडलेला असूनही यादीत फाइल रिकामी. मग चेकडिस्क चालवून ते बेवारस तुकडे गोळा करायचे आणि त्यांतून आपला हिशेब ओळखून काढायचा. जाणत्या प्रोग्रामरांनी यावर एक युक्ती काढली होती. त्याच ओळीचा दुसरा बिल्ला मागून घ्यायचा आणि तो लगेच परत करायचा. बंद करण्याच्या निमित्ताने सिस्टिम लांबी लिहून टाकी, आणि मूळ बिल्ला हातात तसाच राही. १९८७ च्या ३.३ आवृत्तीने यासाठी सरळ वेगळी सोय दिली. त्याच आवृत्तीत वीस घरांची पट्टीही वाढवता येऊ लागली.

जुन्या गिऱ्हाइकांचे काय? त्यांना डॉसने हाकलले नाही. पण १९८४ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि एकच फाइल अनेक संगणकांनी वापरायची वेळ आली, तेव्हा घरी ठेवलेल्या वहीवर विसंबणे शक्य नव्हते. म्हणून सिस्टिम अशा प्रत्येक वहीमागे गुपचूप आपली नोंद ठेवू लागली. या नोंदी ठरीव चारच. फाइली वाटून घेण्याची सोय चालू असली आणि पाचवा जुन्या रीतीचा आला, की ज्याला बराच वेळ कोणी हात लावला नाही त्याचे खाते बंद!

१९९४ पासून जगभरच्या हौशी मंडळींनी डॉसची हुबेहूब बहीण रचली आहे, फ्रीडॉस तिचे नाव. ती फुकट मिळते. तिच्यावर आजही पहिली फाइल उघडली तर हातात पडतो तो पाच नंबरचाच बिल्ला.