मृच्छकटिकातील उरलेली माणसे

अभिजात नाटकांची कथा आजच्या कादंबरीत नव्याने सांगण्याची प्रथा इंग्रजीत चांगली रुजली आहे. कमिला शम्सी यांनी २०१७ साली 'होम फायर'मध्ये सोफोक्लीसची 'अँटिगनी' ब्रिटनमधील मुस्लिम कुटुंबात आणली. मराठीत शिरवाडकरांनी 'नटसम्राट'मध्ये (१९७०) 'किंग लिअर'चा बाप आणला, तो नाटकातच. कादंबरीच्या वाटेने आले ते 'ययाति', 'मृत्युंजय' यांसारखे महाभारतातील नायक. अभिजात नाटकांतील लहान माणसांकडे मराठी कादंबरीकारांनी वळावे, असे आमचे मत आहे.

शूद्रकाचे 'मृच्छकटिक' घ्या. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी संगीत रंगभूमीवर आणले आणि चारुदत्त-वसंतसेना घरोघरी पोहोचली. परंतु गळा दाबून टाकून दिलेल्या वसंतसेनेला वाचवतो तो एक बौद्ध भिक्षू; पूर्वाश्रमीचा अंग चेपणारा, जुगारात कर्जबाजारी झालेला संवाहक. अखेरच्या अंकात चारुदत्ताला वधस्थळी नेणारे दोन चांडाळ आहेत. त्यांपैकी एकाला मरत्या बापाने शिकवले आहे, की वधाची घाई करू नये. कोणी धन देऊन सोडवील, कदाचित राज्यच पालटेल. या उपदेशात एका घराण्याची करुणा साठलेली आहे.

राज्य खरोखरच पालटते. गवळ्याचा पोर आर्यक राजा होतो, बक्षिसे वाटली जातात. चांडाळांना काय मिळते? सर्व चांडाळांचे प्रमुखपद! राजा बदलला, जात जागेवरच राहिली. त्या रात्री ते दोघे घरी जाऊन काय बोलले असतील? नाटकाचा पडदा जेथे पडतो, तेथून कादंबरी सुरू होऊ शकते.

अभिजात कृतीला हात लावू नये, असे कोणी म्हणतील. परंतु भासाच्या नावावर असलेल्या 'चारुदत्त' नाटकाशी 'मृच्छकटिका'च्या पहिल्या चार अंकांचे निकटचे साम्य आहे. जुन्यातून नवे घडवण्याची रीतही जुनीच. कल्पनेला इतिहास म्हणून मिरवू नये, एवढे पथ्य मात्र आम्ही इतिहासाचे शिक्षक सांगू.

'मूकनायक' १९२० च्या जानेवारीत निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या हातकणंगले तालुक्यातील माणगावी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. शाहू महाराज तेथे उपस्थित होते. मुक्यांना वाणी देण्याचे ते कार्य साहित्यात अपुरे आहे. आपल्या वसतिगृहातील एखाद्या मुलीने उद्या त्या चांडाळाच्या उंबरठ्यावरून ही कथा सांगितली, तर 'मृच्छकटिक' आणखी मोठे होईल.